माळ्यावर मांजर व्याली! नाशिकच्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात दर वर्षी एखादी तरी भाटी माळ्यावर व्यायची. आता आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आहोत. माळा गेला, भाट्या काही गेल्या नाहीत. त्या इथे पार्किंगमधल्या भंगारात व्यातात आणि बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी रात्री-अपरात्री फोन करतं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतो, तिथे तसं स्पष्ट म्हटलंय.

भाटी आत्ताच व्याली आहे. आम्ही काय करायचं?

पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. ती नाळ स्वतः तोडते, वार खाऊन टाकते, पिल्लांना चाटून कोरडं करते. हे बघायला घरातले सहा जण बॅटऱ्या घेऊन जमले, तर ती घाबरून पिल्लं उचलून दुसरीकडे नेणार. एकानेच लांबून बघायचं आणि एवढंच तपासायचं की प्रत्येक पिल्लू आचळाला लागलंय का. गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच मांजरीलाही चीक येतो. आजारांशी लढायची आईची ताकद त्यातून पिल्लात उतरते, पण ती शोषून घ्यायची पिल्लाच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर जेमतेम दिवसभरच टिकते. एखादं दुबळं पिल्लू मागे पडत असेल तर हळूच उचलून मधल्या आचळाला लावून द्या.

डॉक्टरांना लगेच फोन करायची वेळ अशी: जोरात कळा येताहेत आणि अर्धा तास झाला तरी पिल्लू बाहेर येत नाही, पिल्लू अर्धवट अडकलंय, किंवा व्याल्यानंतर घाण वासाचा स्राव जातोय.

माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते म्हणे?

हे आमची आजीही सांगायची. घरात वावरणाऱ्या, तुमच्या ओळखीच्या मांजरीच्या बाबतीत हे खरं नाही. मी जन्माच्या दिवसापासून पिल्लांची वजनं करतो, एकाही भाटीने त्यासाठी पिल्लू टाकलेलं नाही. रस्त्यावरची बुजरी भाटी मात्र वारंवार गडबड झाली तर जागा बदलते. पिल्लं टाकण्यामागे बहुतेकदा दुसरीच कारणं असतात: ती स्वतः आजारी असते, फारच लहान वयात पहिल्यांदा व्यालेली असते, दूध नसतं, किंवा त्या पिल्लात काही दोष असतो जो तिला कळलेला असतो आणि आपल्याला नाही.

कालपर्यंत खोक्यात असलेली पिल्लं आज गायब आहेत. सात घरं दाखवायला नेली का?

सात कुणी मोजली माहीत नाही, पण मांजर जागा बदलते हे नक्की. जुन्या जागेला वास लागतो, पिसवा होतात, उजेड किंवा आवाज वाढतो, बोका घुटमळायला लागतो. यातलं काही झालं की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. आमच्या वाड्यात एक भाटी माळ्यावरून देवघराच्या कोनाड्यात, तिथून धान्याच्या कोठीमागे आणि शेवटी आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत गेली होती. ट्रंकेवरून आठवलं: कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर तिथे मांजरीला व्यायला किंवा राहायला अजिबात देऊ नका. त्या तिला आणि पिल्लांना विषारी आहेत.

हलवाहलवी थांबवायची असेल तर तिला एकाऐवजी दोन चांगल्या जागा द्या, म्हणजे ती तुमच्या दोन जागांमध्येच फिरेल. अंधारी, कोरडी, पायवाटेपासून दूर, तीन बाजूंनी बंद जागा हवी. टोमॅटोचं रिकामं कॅरेट धुऊन, जुनी चादर घालून उत्तम चालतं. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लांना त्याची भिंत चढता येत नाही, आईला सहज उडी मारता येते. द्राक्षाची पुठ्ठ्याची खोकीही आपल्याकडे हंगामात सहज मिळतात, फक्त ओली झाली की बदला. आत गोधडी वापरणार असाल तर टाके उसवलेली नको. सुटलेल्या दोऱ्यात पिल्लाचा पाय अडकून सुजलेला मी बघितला आहे.

डिसेंबरात पिल्लं झालीत. नाशिकच्या थंडीत ती जगतील का?

जगतील, पण हा प्रश्न मी सगळ्यात गंभीर मानतो. पिल्लं उपाशी राहून मरतात त्याहून जास्त गारठून मरतात, असं माझं मत आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. आणि पहिल्या आठवड्यात पिल्लाला अंगात ऊब धरता येत नाही, साधं कुडकुडताही येत नाही. पहिले सात दिवस त्याच्या भोवतालची हवा ३० ते ३२ अंश असायला हवी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७ ते २९, चौथ्यात २४ च्या आसपास चालते. आई जवळ असेल तर निम्मं काम तिच्या पोटाशी होतं. आई नसेल तर सगळं तुमच्यावर.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. दुसरा अर्धा भाग गार राहू द्या, म्हणजे जास्त उकडलं तर पिल्लू सरपटत बाजूला जाईल. पिशवी तीन-चार तासांनी गार होते आणि उलट पिल्लाचीच ऊब शोषायला लागते, म्हणून रात्री गजर लावायचा. बल्ब लावणार असाल तर हाताला चटका बसणार नाही इतक्या उंचीवर. लाइट जाते तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घातलं की झालं.

पिल्लं एकमेकांवर गच्च चढून ओरडत असतील तर गारठलीत. लांब-लांब पसरून, तोंड उघडं टाकून पडली असतील तर उकडतंय. हे दुसरं एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली होतं, तेव्हा खोकं खालच्या खोलीत आणा.

गार पडलेलं पिल्लू सापडलं. आधी दूध पाजू का?

नाही. नाही. नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, पहिल्या वर्षी, आणि पिल्लू गेलं. गार पिल्लाचं पोट काम करत नाही. पाजलेलं दूध तसंच साचतं किंवा श्वासनलिकेत जातं. करंगळी तोंडात घालून बघा, आत गार लागलं तर पिल्लू धोक्यात आहे. ते आपल्या अंगाशी, स्वेटरच्या आत धरा आणि तास-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. गरम पाण्यात बुडवणं, हीटरपुढे धरणं, हेअर ड्रायर, यातलं काही नको. मलूल असेल तर ऊब येत असताना हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब चोळा. तोंड आतून उबदार झालं, पिल्लू वळवळून शोधायला लागलं, की मग दूध.

गाईचं दूध पाणी घालून देतो. चालेल ना?

नाही चालणार. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त असतात. तुम्ही त्यात पाणी घालून ते आणखी पातळ करता. त्यातल्या दुग्धशर्करेने हगवण लागते आणि १०० ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाची हगवणही झेपत नाही. पिल्लांसाठी दुधाची खास पावडर मिळते, प्राण्यांच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे. महाग असते, खरं आहे. शेळीचं दूध लोक सुचवतात. दुकानं बंद आहेत, रात्र काढायची आहे, एवढ्यापुरतंच ते ठीक. तेही सकाळी पावडर आणायचीच, या बोलीवर.

पाजताना पिल्लू बाळासारखं उताणं धरू नका. ते पोटावर, आईजवळ पितं तसंच, डोकं किंचित वर. उताण्या पिल्लाच्या नाकातून दूध येतं आणि न्यूमोनिया होतो. सिरिंज असेल तर दांडा दाबून दूध ढकलू नका, त्याला ओढू द्या. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ ते ५ मिली, मनगटावर कोमट लागेल असं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला हे जमत नाही, हे आधीच मान्य करा आणि शेजारी वाटून घ्या. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री दोनची पाळी घेतली होती, तशीही झोप येत नाही म्हणून.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपापलं शू-शी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होतं. आई नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागच्या बाजूला हलक्या हाताने चोळायचं. शू प्रत्येक वेळी होते, शी दिवसातून एक-दोनदाच.

पिल्लू नीट वाढतंय हे कळणार कसं?

वजनकाट्याने. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा साधा काटा. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅम असतं, त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट, महिन्याला सव्वाचारशेच्या आसपास. रोज एकाच वेळी, वहीत लिहून. पिल्लं सारखीच दिसत असतील तर खूण म्हणून वेगवेगळ्या जागी नेलपॉलिश नको, ती चाटून पोटात जाते. डाग, शेपटीचं टोक, पंजे बघून नावं द्या. आमच्या गेल्या घोळक्यात ठिपका, मोजा, राखी आणि दुसरी राखी होत्या.

डोळ्यांना दिसायच्या आधी आजार काट्याला दिसतो. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. घटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. दिसायला गुटगुटीत पिल्लू सकाळी ५ ग्रॅमने कमी भरलं आणि संध्याकाळी मान टाकून पडलं, असं दोनदा झालंय. काही पिल्लं सगळं करूनही जातात. चार-पाचातलं एखादं. त्यात दर वेळी तुमची चूक नसते.

डोळे कधी उघडतात? चिकटलेत, उघडून देऊ का?

सात ते चौदा दिवसांत, बरेचदा एक आधी आणि दुसरा नंतर. ओढून उघडू नका. पापणीमागे फुगवटा किंवा पू दिसला तर डॉक्टर, नुसती खपली असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस. सगळ्यांचे डोळे सुरुवातीला निळेच असतात, त्यामुळे ‘परदेशी जातीचं निघालं’ म्हणून हुरळू नका.

बोका पिल्लं मारतो का?

काही बोके मारतात. पिल्लं गेली की भाटी लवकर माजावर येते, हे त्यामागचं कारण मानलं जातं. खिडकीला जाळी, रात्री दार बंद. शिवाय एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे ‘हा बोका बाप आहे, हा नाही मारणार’ या हिशेबावर विसंबू नका.

पिसवा भरपूर झाल्यात. आंघोळ घालू? पावडर टाकू?

कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा औषध मांजरीला कधीही नाही. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला मारू शकतं. मोठ्या मांजरीचं मानेवर टाकायचं औषधही एवढ्या लहान पिल्लांना चालत नाही. बारीक दातांची फणी घ्या, आपली उवांची असते तीच. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. निघालेली पिसू वाटीत बुडवायची. अंथरूण रोज बदलून कढत पाण्यात धुवायचं. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका: पिसवा एवढं रक्त पितात की पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. हिरड्या फिकट दिसल्या तर वाट बघू नका. पूर्ण आंघोळ पहिल्या महिन्यात नाहीच.

फरशी पुसायला फिनेलही नको, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही नको. मांजरीच्या यकृताला ती द्रव्यं झेपत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. साबण आणि गरम पाणी पुरतं. डोकेदुखीची पॅरासिटामॉलची गोळीही मांजरीला विष आहे, अर्धीसुद्धा, ताप असला तरीसुद्धा.

आईला काय खायला द्यावं?

भरपूर, आणि मागेल तेव्हा. दूध पाजणारी भाटी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य तिला याच काळात द्या, त्यात ताकद जास्त असते. तिला धाप लागली, पाय कडक झाले, थरथर किंवा झटके आले, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. यात एकेक तास मोलाचा असतो, सकाळपर्यंत थांबू नका. एखादा आचळ लाल, कडक, गरम लागला तर तोही दाखवा.

आम्ही शाकाहारी आहोत. दूध-पोळीवर वाढतील ना?

आपल्याकडच्या निम्म्या मनीमाऊ दूध-पोळीवर ‘वाढल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या उंदीर, पाली आणि शेजारच्यांच्या मासळीवर वाढलेल्या असतात. मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात मांस शिजत नसेल तर पाकिटातलं पिल्लांचं खाद्य आणा, भांडं वेगळं ठेवा. चौथ्या आठवड्यापासून ते कोमट पाण्यात भिजवून, खिमट करून बशीत. पहिले चार दिवस त्यात चालतील, लोळतील, शिंकतील. मांस चालत असेल तर मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन थोडं चालतं, मात्र नुसत्या चिकनवर ठेवलं तर कॅल्शियमअभावी हाडं मऊ राहतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांचं मूत्रपिंड निकामी करतात. मांजरींच्या तोंडीही लागू देऊ नका.

शी-शूची सवय कशी लावायची?

लावावी लागत नाही. तीन-चार आठवड्यांची झाली की उथळ ट्रेमध्ये बारीक वाळू ठेवा, जेवण झालं की त्यात सोडा. पाण्याने गोळा होणारी विकतची माती या वयात नको, पिल्लं ती खातात.

जंताचं औषध आणि लसी कधी?

काही जंत आईच्या दुधातूनच पिल्लात जातात, म्हणून औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, पिल्लाच्या वजनाप्रमाणे. डॉक्टरच मात्रा सांगतील, तुमची वजनाची वही सोबत न्या. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी असतो असं समजू नका.

सुनेला दिवस गेलेत. मांजर घरात ठेवावी का?

ठेवावी. टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका परजीवीची, भीती खरी आहे, पण तो विष्ठेत आहे, मांजरीच्या अंगावर नाही. आणि विष्ठेतले अंश संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कुणी करायचा. कच्चं-अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि कुंड्यांतली माती यांतूनही हाच संसर्ग होतो. मुलाने हिरिरीने ट्रे साफ केला, तर प्रश्नच मिटला.

पिल्लाने मुलीला ओरबाडलं.

आई रस्त्यावरची असेल किंवा रेबीजची लस झालेली नसेल तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना काही लावू नका. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून थांबायचं नाही.

पार्किंगमध्ये एकटीच पिल्लं दिसली. उचलू का?

लगेच नको. भाटी खायला शोधायला गेलेली असते आणि तुम्ही उभे आहात तोवर येणार नाही. पिल्लं उबदार, शांत, पोटं भरलेली असतील तर आई आहे. भोवती थोडं पीठ भुरभुरवून दोन-तीन तास लांब जा. परत आल्यावर पंजे उमटलेले दिसतात. सतत रडताहेत, गार आहेत, मुंग्या लागल्यात, तर मात्र उचला. आणि पार्किंगमध्ये पिल्लं असतील तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, आत कुणी शिरून बसलं असेल तर बाहेर पडेल.

कोणती भाटी, कोणता बोका?

शेपटीखालची दोन भोकं जवळ असतील तर भाटी, मध्ये अंतर असेल तर बोका. रंगावरून अंदाज: तिरंगी जवळजवळ नेहमीच भाटी, पिवळा बहुतेकदा बोका, कारण तो रंग एक्स गुणसूत्रावरून येतो. तरी बाजीराव नाव ठेवलेल्या पिवळ्या पिल्लाने आमच्याकडे सात महिन्यांनी पिल्लं दिली.

आता द्यायची आहेत. किती दिवसांनी?

आठ आठवड्यांआधी नाही, दहा-बारा असतील तर उत्तम. चावताना किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. दोनापासून सात आठवड्यांपर्यंत रोज वेगवेगळ्या माणसांनी थोडा वेळ हातात घेतलं तर ते माणसाळतं. मिक्सर, शिट्टी, घंटा, सगळे आवाज कानांवर पडू द्या. देताना जोडी देता आली तर द्या. मासळी बाजारात किंवा घाटावर ‘पोट भरेल त्यांचं’ म्हणून सोडून येऊ नका. घरातली पिल्लं तिथे दोन दिवस टिकत नाहीत, आणि उपासमार होईल अशा रीतीने प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आईचं ऑपरेशन कधी करायचं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर. पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा मला फोन करता. म्हणून पिल्लं खायला लागली की तिला घरातच ठेवा. पिल्लं अंगावरून तुटली आणि दूध आटलं की साधारण दोन आठवड्यांनी ऑपरेशन. ठेवून घेतलेल्या पिल्लांचंही चार-पाच महिन्यांत करा, भाट्या त्याच वयात माजावर येतात. नंतर आठ-दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत. घरात माळा असेल तर तेवढे दिवस शिडी काढून ठेवा.